सोप्यातली गादी: प्रोस्टेटच्या उपचारानंतरच्या दोन वर्षांचं एक प्रकरण

आबा पहिल्यांदा आले ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा नेहरू शर्ट, पायात कापशी चप्पल, आणि या सगळ्याच्या मध्ये नातवाची काळी ट्रॅकपँट, कडेला तीन पट्ट्यांची. थोरला मुलगा सोबत होता. तो हसत म्हणाला, "ऑपरेशन झाल्यापासनं आबा एकदम तरणं झाल्यात." आबा हसले नाहीत. पांढऱ्या पायजम्यावर ओल दिसते, काळ्या पँटवर दिसत नाही. काकू, म्हणजे आबांची बायको, सोडल्या तर घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हा माझ्या कामाचा मुख्य भाग. माझ्याकडे येतात त्या बहुतेक बाळंतिणी आणि पाळी गेलेल्या बायका. पुरुष महिन्याला दोन-तीन, तेही कॅन्सरमुळे प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, काढल्यावर आणि बरेच उशिरा. ओळख पटू नये म्हणून इथे गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत, आणि दुसऱ्या एका रुग्णाच्या दोन गोष्टी यात मिसळल्या आहेत. लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. त्यांची एकच सूचना होती, "गुऱ्हाळाचं तेवढं नीट लिवा."

तर गुऱ्हाळ. आबा 64 वर्षांचे, करवीर तालुक्यातले, पेशाने गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस काहिलीत उकळत असतो, चुलवाणात चिपाडं घालणारा वेगळा असतो, मळी काढणारा वेगळा. पण काहील कधी उतरायची हे गुळव्याच ठरवतो. तो उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी करून बघतो आणि हात वर करतो. हात दोन मिनिटं उशिरा वर गेला तर गूळ करपतो, लवकर गेला तर रवा धरत नाही. त्या हातासाठी आबांना चार गावांतनं बोलावणं यायचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला चुलवाणं पेटली की गुढीपाडव्यापर्यंत ते घरी फक्त झोपायला.

आदल्या हंगामात रात्री चार-पाचदा उठावं लागायचं, धार बारीक झाली होती. वयाचं म्हणून सोडून दिलं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, 18. हा आकडा 4 च्या पुढे गेला की डॉक्टर कान टवकारतात. मग एमआरआय, सुईने तुकडा काढून तपासणी, ग्लीसन, म्हणजे पेशी किती जोरकस आहेत त्याचे गुण, 4 + 3 = 7, हाडांचा स्कॅन स्वच्छ. म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर, मध्यम ते जोरकस, पण पसरलेला दिसत नव्हता. पर्याय दोन सांगितले गेले: शस्त्रक्रिया, किंवा हार्मोनच्या इंजेक्शनांसह रेडिएशन. आबा म्हणाले, "एकदाच काय ते काढून टाका." हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ताठरतेची एका बाजूची नस वाचवता आली. दहा दिवसांनी नळी काढली, सहाव्या आठवड्यात पीएसए 0.02 आला. सगळे खूश.

त्या भेटीच्या कागदावर लघवीपुढे 'समाधानकारक' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "लघवी होते ना?" आबा म्हणाले, "व्हय." खोटं काहीच नव्हतं. होतच होती, दिवसभर होत होती. थांबते का, हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे ते आले ते कंबरदुखीसाठी. मुलगा तसंच समजून घेऊन आला होता.

नोंदीसाठी मी 26 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरते. प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी ती जगभर वापरतात, एपिक-26 म्हणतात तिला. गेल्या चार आठवड्यांत लघवी किती वेळा गळली, दिवसाला किती पॅड लागले, जळजळ, शौचाचा त्रास, ताठरता, अंगातून वाफा निघणं, उदास वाटणं, आणि या प्रत्येकाचा त्रास किती. पाच विभाग आणि प्रत्येकाला 0 ते 100 गुण. 100 म्हणजे उत्तम. मी प्रश्न वाचत गेले आणि आबा प्रत्येकाला "काय न्हाई, झ्याक हाय" म्हणत गेले. या हिशोबाने गळतीच्या विभागात त्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी पडत होते.

खोलीत मात्र वास होता. दबलेला, पण या कामात नाक तयार होतं.

मी मुलाला केसपेपर काढून आणायला खाली पाठवलं. दार लोटलं आणि पहिल्या पानावर परत आले. "आबा, पॅड लावलाय ना आत्ता? कितवा आजचा?" आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. म्हणाले, "चौथा." मग थांबून, "बायकांचं आणती ती मेडिकलातनं. सुनंला लागत्यात म्हणून सांगती." आम्ही तीच प्रश्नावली पुन्हा भरली. गळतीचे गुण आले 23.

पुढच्या दहा मिनिटांत जे बाहेर आलं त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं, कारण ते सगळं एका जिन्याच्या अंतरावर अडून बसलं होतं. आबा सात आठवडे केएमटीच्या बसमध्ये बसले नव्हते. एकादशीच्या भजनाला गेले नव्हते, सतरंजीवर बसावं लागतं म्हणून. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघायला जायचं ते सोडलं. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला पाठ दुखते म्हणून गेले नाहीत. ऐन मेमध्ये दिवसाला दोन कप चहा आणि अर्धा तांब्या पाणी, जास्त प्यायलं की जास्त गळतं म्हणून. लघवी गडद, जळजळ वेगळीच. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, त्याचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं. पाणी कमी प्यायल्याने लघवी तीव्र होते, मूत्राशय आणखी चिडतो आणि घाई वाढते. बहुतेक पुरुष या फेऱ्यात स्वतःहून शिरतात.

आणि त्यांची एक पक्की समजूत झाली होती: डॉक्टरांच्या हातनं नस कापली गेली, आता हे कायमचं.

मी वहीत चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाला दोन दारं. आतलं दार प्रोस्टेटला चिकटून असतं, ते ग्रंथीबरोबर जातं किंवा ढिलं पडतं. बाहेरचं दार शाबूत असतं, पण आयुष्यभर त्याने दुय्यम काम केलेलं असतं, आणि आता अचानक सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणजे चूक झालीच असं नाही. हे शस्त्रक्रियेच्या पोटातलंच आहे. आकडेही सांगितले. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला. 1643 पुरुषांना चिठ्ठी टाकल्यागत तीन गटांत वाटलं: फक्त लक्ष ठेवायचं, शस्त्रक्रिया करायची, किंवा रेडिएशन द्यायचं. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी शंभरातले 46 पॅड वापरत होते, सहा वर्षांनी 17. आबांनी 46 वर बोट ठेवलं. "म्हंजे निम्मी माणसं?" निम्मी. "मग मला आधी कुणी का न्हाई सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या अभ्यासातले रुग्ण बहुतांश आबांपेक्षा सौम्य आजाराचे होते आणि आबांच्या बाबतीत नुसतं लक्ष ठेवणं शहाणपणाचं ठरलं नसतं, हे खरंच. पण शस्त्रक्रियेच्या आधी दोनदा जरी ते माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे आले असते, तर स्नायू ओळखून झाला असता आणि पहिला पॅड लावताना धक्का बसला नसता.

आता माझी चूक. पॅडचं वजन हा गळती मोजण्याचा साधा मार्ग आहे. चोवीस तासांतले वापरलेले पॅड बंद पिशवीत आणायचे, कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलीटर. आबा दुसऱ्या खेपेला कापडी पिशवी घेऊन आले. वर गुळाची ढेकळं, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅड. वाटेत कुणी विचारलं तर बाईंना गूळ नेतोय म्हणायचं. भरली 410 ग्रॅम. मी व्यायामाचा छापील कागद दिला: आकुंचन, दहा मोजेपर्यंत धरा, सोडा, दिवसातून तीनदा. तीन आठवड्यांनी 395. काहीच फरक नाही.

आबा व्यायाम मन लावून करत होते. पण श्वास रोखून, पोट फुगवून, खाली जोर देत होते, म्हणजे जे वर उचलायचं तेच खाली ढकलत होते. मला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी तपासलं नव्हतं, कारण समोर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस होता आणि मला संकोच वाटला. बाळंतिणीला मी बिनदिक्कत तपासते. त्या दिवशी कागद देऊन मोकळी झाले.

मग नीट तपासलं, काकूंना खोलीत बसवून. बायकांना जी सूचना आपण देतो, 'शौच रोखल्यासारखं आवळा', ती पुरुषांना अपुरी पडते. तिने मागचा भाग आवळला जातो, पुढचं दार नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या सूचना देऊन स्नायूंचं काम मोजलं, तेव्हा लिंग आत ओढून आखूड केल्यासारखं करा, या सूचनेने मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू सर्वांत चांगला आवळला गेला. हे आबांना सांगायचं कसं? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "माघात नदीत उतरल्यावर आक्रसतंय तसं?"

अगदी तसं. हातानेही ते जाणवलं, आरशातही दिसलं: पोट मऊ, श्वास चालू, आणि तळ वर. कागद फाडून टाकला. सूचना एकच उरली, पंचगंगेत उतरा. दहा सेकंद, दहा वेळा, आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. आणि त्याहून महत्त्वाचं, खोकण्याआधी, खुर्चीवरून उठण्याआधी, तांब्या उचलण्याआधी एकदा नदीत उतरायचं. पाणी दिवसभरात दोन लिटरपर्यंत वाढवलं, पण थोडं थोडं. संध्याकाळचा चहा बंद. दिवाळीच्या सुमाराला पॅडचं वजन 60 ग्रॅमवर आलं. वर्ष भरलं तेव्हा 12.

काळी ट्रॅकपँट नातवाला परत मिळाली ती नोव्हेंबरात. त्या हंगामात आबा पाच काहिलींऐवजी दोन काहिलींना उभे राहिले.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं तर लिहायला बसले नसते. ऑगस्टमध्ये काकू एकट्याच आल्या होत्या. गुडघा दाखवायला म्हणून. गुडघा दाखवून झाला तरी उठेनात. मग म्हणाल्या, "ह्यांनी गादी सोप्यात नेलीया." ऑपरेशनवरून आल्या आल्या. चाळीस वर्षं दोघं माजघरात झोपत होते. "मला वाटलं, माज्यावरच राग हाय." मग आवाज आणखी खाली आला. शेजारणीने सांगितलं होतं, जवळ गेलं की बाईलाही होतो, पिशवीचा. म्हणून त्यांनीही थांबवलं नाही. त्यांनी आबांचा टॉवेल वेगळा केला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

आबांना विचारलं तेव्हा त्यांचं वेगळंच. रात्री गळतं, गादी ओली होते, हिला वास येणार. आणि दुसरं, ते उभं राहत नाही, मग शेजारी झोपून काय करायचं. दोघांनी मिळून चार महिन्यांत एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता. मी दोघांना एकत्र बसवलं. एवढी जड अर्ध्या तासाची बैठक मी क्वचितच घेतली असेल. पहिली पाच मिनिटं दोघंही भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होते.

सांगितलं ते असं. हा कॅन्सर जवळ झोपल्याने, एका ताटात जेवल्याने, संबंधाने, कशानेच दुसऱ्याला लागत नाही. टॉवेल एक करा. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी, अगदी खेटून जातात. त्या ओळखून वाचवायची पद्धत अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये सुरू केली. आबांची एक बाजू वाचली आहे. पण वाचलेली नससुद्धा हाताळल्यामुळे सुन्न होते आणि जागी व्हायला दीड-दोन वर्षं घेते, आणि कधी होत नाही. प्रोटेक्टमध्ये शस्त्रक्रियेआधी शंभरातले 67 जण संबंधापुरती ताठरता आहे म्हणत होते; सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 12 उरले, रेडिएशनच्या गटात 22. वीर्य आता येणार नाही, कारण ते बनवणारे भागच काढलेत. पण सुखाची जाणीव वेगळ्या नसांतून येते, ती राहू शकते. "कोरडंच?" आबांनी विचारलं. कोरडंच. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं त्यांना. त्या हसण्यानंतर बैठक सोपी झाली.

डॉक्टरांनी हृदय तपासून ताठरतेची गोळी सुरू केली. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ही गोळी घ्यायची नसते, रक्तदाब धोकादायक उतरतो. आणि आपल्याकडे ती कुठूनही आणून घेतली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. आबांना तिचा गुण अर्धामुर्धा आला. पंप आणि इंजेक्शनाचे पर्याय दाखवले, त्यांनी मान हलवली, नको.

पण गादी आली माजघरात. त्यासाठी गोळी लागली नाही. नातवंडांच्या बाळंतपणातलं मेणकापड माळ्यावर होतं. ते खाली, वर जुनं सुती लुगडं चार पदरी, वर चादर. हे काकूंनीच सुचवलं. "पोरं काय कमी मुतली व्हती का ह्या गादीवर?" म्हणाल्या.

दुसरी फेरी पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाली. पीएसए सहा महिन्यांनी 0.05 होता, दहाव्या महिन्यात 0.14, तेराव्या महिन्यात 0.27. ग्रंथीच काढल्यावर हा आकडा नगण्य राहायला हवा, 0.2 च्या वर जाऊन पुन्हा तसाच आला की आजार परतला असं धरतात. मूळच्या जागेवर 33 दिवस रेडिएशन आणि सोबत तीन महिन्यांनी एक, अशी हार्मोनची दोन इंजेक्शनं ठरली.

रेडिएशनची एक गंमत आहे. गंमत म्हणजे क्रूर गंमत. मूत्राशय भरलेला हवा, म्हणजे तो आणि आतडी किरणांच्या वाटेतून दूर राहतात. म्हणून आधी अर्धा लिटर पाणी पिऊन पाऊण तास थांबायचं. ज्या माणसाने वर्षभर मोठ्या कष्टाने गळती आवरली, त्याला रोज भरल्या मूत्राशयाने कडक फळीवर, कपडे सोडून, न हलता झोपवायचं. आबा पहिल्या दिवशी फळीवरच ओले झाले आणि दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. मी तिथल्या तंत्रज्ञांशी बोलले. त्यांनी समजून घेतलं: पाणी थोडं कमी, पण रोज तेवढंच, आबांचा नंबर ठरलेल्या वेळी, ताटकळत ठेवायचं नाही, फळीवर जाड शोषक कापड. जाताना आबा नदीत उतरून जायचे. बाकीचे 32 दिवस निभावले. मधे दोन दिवस खाडा झाला तो पावसाचा. पंचगंगेचा रेडेडोह फुटला, रस्त्यावर पाणी आलं आणि गाडी माघारी फिरली. ते दिवस शेवटी धरले. चौथ्या आठवड्यात शौचाला सात-आठ वेळा व्हायचं, तेव्हा भात आणि मुगाची आमटी, तिखट बंद. कोल्हापुरात हे आजारापेक्षा जड जातं. नातीला जवळ घ्यायचं का, अंगात किरणं राहतात का, हेही विचारलं त्यांनी. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. नातीला घ्या.

रेडिएशनचा शीण महिन्याभरात उतरला. हार्मोनचं जास्त लांबलं.

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा वृषणं काढत. आपल्याकडे पसरलेल्या आजारात अजूनही काढतात, कारण ते एकदाच आणि स्वस्तात होतं. इंजेक्शन तेच काम औषधाने करतं. हे समजावत होते तर आबा मधेच म्हणाले, "म्हंजे खच्ची."

शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. मी गुळमुळीत काही बोलणार होते, पण म्हटलं, हो, तेच. फरक एवढा की इंजेक्शनाचा असर काही महिन्यांनी उतरतो, आणि तुमच्या वयात हार्मोन सावकाश परत येतं, बहुधा पूर्वीइतकं नाही. आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "खच्ची केलेला बैलच कामाला येतोय, ताई."

पण ती सहा महिन्यांची इंजेक्शनं आणि पुढचे सहा महिने त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले. इच्छाच गेली. "भूकच न्हाई तर ताट कशाला मांडायचं," असं म्हणून ताठरतेची गोळी त्यांनी स्वतःच थांबवली. वजन पाच किलो वाढलं, सगळं पोटावर. दंड सुकले. टीव्हीवर कीर्तन लागलं की डोळ्यांत पाणी. थोरला म्हणायचा, आबा हळवं झाल्यात. साखर काठावर आली, जी या औषधाने वाढते, आणि हा माणूस हयातभर गुळाच्या वाफेत उभा. गूळ चाखून नव्हे तर गोळी बघून ठरवायचा असतो, असं ते ठासून सांगतात, पण मला पूर्ण खरं वाटत नाही.

आणि अंगातून निघणाऱ्या वाफा. मेंदूतला तापमानाचा काटा हार्मोन गेल्यावर बिघडतो. पाळी जाताना बायकांना होतं तेच. छातीपासून डोक्यापर्यंत आग, मग घाम, मग थंडी. दिवसाला दहा-बारा वेळा. नोव्हेंबरात आबा काहिलीपाशी उभे राहिले, समोर उकळता पाक, खाली चुलवाण, आणि आतून वाफ. चक्कर येऊन ते गूळ ओतायच्या वाफ्याच्या कडेला बसले. कुणीतरी सावरलं. त्या संध्याकाळी फोनवर पहिल्यांदाच म्हणाले, "ताई, आता बास."

उपचाराचं उद्दिष्ट ठरवताना आम्ही हालचाली, पायऱ्या, चालण्याची मिनिटं लिहितो. आबांच्या फाइलीत मी त्या आठवड्यात वेगळं लिहिलं: 'शेवटची वीस मिनिटं.' काहील साधारण दोन-अडीच तास उकळते. गुळव्याचा खरा हात लागतो तो शेवटी. बाकी वेळ पुतण्याने उभं राहायचं, आबांनी वाऱ्याच्या बाजूला, बारा-पंधरा फुटांवर खाटेवर बसायचं. सुती बंडी, ओला पंचा, ताकाचा तांब्या. पुतण्या हाक मारेल तेव्हा उठायचं, गोळी बघायची, हात वर करायचा. पहाटेची पहिली काहील घ्यायची, दुपारची नाही. वाफांवर गोळ्याही असतात, पण आबांना त्या लागल्या नाहीत. जानेवारीपर्यंत झटके दिवसाला चार-पाचवर आले.

शीण आला की विश्रांती घ्या, असं घरचे सांगतात. या शिणावर व्यायामच चालतो. आठवड्यातून तीन दिवस, घरातल्याच वस्तूंनी: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, आणि पाच किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, दोन्ही हातांनी कमरेपासून छातीपर्यंत, उचलताना श्वास सोडत. मार्चमध्ये ते दहा किलोच्या रव्यावर आले. इंजेक्शनांनी हाडंही विरळ होतात म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी केली, डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं. पुतण्याला गोळी बघायला शिकवायची नाही असं आबांनी वर्षानुवर्षं ठरवलं होतं, ते या हंगामात मोडलं. ते खुशीने नाही मोडलं. एकदा म्हणाले, "त्यो हात वर करतोय आनि लोकं माज्याकडं बघत न्हाईत." यावर माझ्याकडे व्यायाम नाही.

शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली तेव्हाची नोंद अशी. पीएसए 0.02. गळती रेडिएशननंतर 70 ग्रॅमपर्यंत चढली होती, ती 25 वर आली. बाहेर पडताना एक पॅड, घरी शक्यतो नाही. गळतीचे गुण 23 वरून 71. शौचाचा त्रास जवळपास नाही, पण रेडिएशननंतर महिन्यांनी, वर्षांनी शौचातून रक्त येऊ शकतं, ते दिसलं तर घाबरून लपवायचं नाही, लगेच सांगायचं, हे दोघांना सांगितलंय. वजन पाचातलं तीन किलो उतरलं. टेस्टोस्टेरॉन अजून खालच्या पातळीवर आहे. ताठरता नाही. इच्छा, त्यांच्याच शब्दांत, "धुमसतीया, पेटत न्हाई." लैंगिक विभागाचे गुण सुरुवातीला होते त्याहूनही कमी आहेत. पण त्या विभागात शेवटचा प्रश्न असतो, याचा तुम्हाला एकूण त्रास किती, आणि त्यावर पहिल्या वर्षी 'फार मोठा' म्हणणाऱ्या आबांनी या वेळी 'थोडा' म्हटलं. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी आबांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "लिवा, थोडा."

चैत्रात ते जोतिबाला जाऊन आले, केएमटीने, पांढऱ्या पायजम्यात. गुलालाने तो पार गुलाबी झाला होता, मला दाखवायला म्हणून न धुता तसाच घालून आले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शेजारच्या गावच्या एकाचा पीएसए 11 निघालाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरतंय. पाठवू का तुमच्याकडं, आधीच? मी मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ दिली आणि बायकोला सोबत आणायला सांगितलं. "आनि पोरगं आलं तर?" आबांनी विचारलं. येऊ दे, म्हटलं, केसपेपर काढायला कुणीतरी लागतंच.